विचारणारी माणसं

जिवंत माणसाला आपला अवयव दुसऱ्याला द्यायचा असेल तर काय काय करावं लागतं, याचा कायदा आपल्याकडे १९९४ साली झाला आणि त्याचे सविस्तर नियम २०१४ साली आले. त्यात एक छोटासा नियम आहे. देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि ती स्वतःच्या मनाने देते आहे ना, याची खातरजमा अवयव घेणाऱ्याला वगळून दुसऱ्या कोणी तरी करावी, असं तो सांगतो. ज्याने कोणी हा नियम लिहिला, त्याला आपली घरं आतून माहीत होती. देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य बायका असतात आणि घेणाऱ्यांत बहुतेक पुरुष. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला, बहीण भावाला. उलटं फार कमी वेळा घडतं.

त्या घेणाऱ्या पुरुषांपैकी मी एक. माझ्या पोटात, उजवीकडे खाली, अक्काची किडनी आहे. तिचं ऋण तर जन्मभराचं. पण तिला ‘का देताय?’ असं विचारणाऱ्या माणसांचंही माझ्यावर ऋण आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमचं दगडमातीचं माळवदाचं घर बसलं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून लोक नुकते झोपले होते. पहाटे चारच्या आत सगळं झालं. आमच्या घरातलं कोणी गेलं नाही. आजूबाजूच्या गावांत मात्र हजारो माणसं गेली, त्यामुळे घर पडल्याचं दुःख करायचीही लाज वाटावी असे ते दिवस होते. अक्काचं लग्न त्याआधीच झालेलं, लातूरला. दाजी मोंढ्यात एका आडतीवर मुनीम. भूकंपानंतर आम्ही बरेच दिवस पत्र्याच्या शेडमध्ये काढले. अक्का पंचमीला आली, दिवाळीला आली, त्या शेडमध्येच राहिली. शेजारणींनी विचारलं, कशाला आलीस गं एवढ्या हालात? ती म्हणाली, “माहेर पत्र्याचं असलं म्हणून काय झालं?”

पुढे मी शिकायला नांदेडला आलो. मेसचे पैसे संपले की आम्ही तीन-चार पोरं गोदावरीकाठच्या लंगर साहिबमध्ये जेवायचो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला ते हे गाव. हजूर साहिबला देशभरातून माणसं येतात आणि त्यातली कितीतरी स्वतःच्या खर्चाने येऊन पोळ्या लाटतात, भांडी घासतात. पंक्तीत नाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, पुन्हा कशाला आलास असंही विचारत नाहीत. पंजाबातून आलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींना मी एकदा धीर करून विचारलं, बाबाजी, एवढ्या लांबून येऊन हे का करता? ते म्हणाले, मला बरं वाटतं म्हणून. मी तेव्हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. पुण्य, धर्म, सेवा असं काहीतरी उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. एवढं साधं, स्वतःपुरतं उत्तर मला तेव्हा थोडं अपुरं वाटलं.

पीपल्स कॉलेजात आम्हाला नीतिशास्त्र शिकवणारे सर विचारवंत कुरुंदकर गुरुजींच्या हाताखाली तयार झालेले. गुरुजी १९८२ मध्ये गेले होते, पण प्रश्न उलटा करून पाहायची त्यांची सवय नांदेडच्या शिक्षकांत मुरलेली होती. सरांनी आम्हाला ‘गीतारहस्या’चं चौथं प्रकरण वाचायला लावलं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ मध्ये छापून आलेला हा ग्रंथ आपल्याकडे अनेक घरांत असतो, पण त्याचं हे प्रकरण वाचणारे थोडे. टिळक तिथे स्वार्थ आणि परार्थाचा जिना रचतात. तळाच्या पायरीवर चार्वाकाचा उघडा स्वार्थ. त्याच्या वर हॉब्जचा दूरदर्शी स्वार्थ, म्हणजे उद्या माझ्यावर वेळ आली तर, या भीतीपोटी केलेला परोपकार. त्याच्या वर दोन्हींचा मेळ घालू पाहणारा शहाणा, उदात्त स्वार्थ. आणि मग भर्तृहरीने केलेली माणसांची प्रतवारी, जिच्यात आपलं सोडून दुसऱ्याचं करणारा सर्वांत वर बसतो. पुढे मी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा हा जिना फळ्यावर काढून दाखवत असे.

याच प्रकरणात याज्ञवल्क्य येतो. नवरा, बायको, मुलगा, धन यांतलं काहीही त्या त्या वस्तूसाठी प्रिय नसतं, आपल्यासाठी प्रिय असतं, असं तो मैत्रेयीला सांगतो. हा संवाद सगळे उद्धृत करतात. तो कोणत्या प्रसंगी झाला, तिकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला होता आणि मैत्रेयी व कात्यायनी या दोघी बायकांत मिळकतीची वाटणी करत होता. प्रेम कोणासाठी असतं हा प्रश्न आपल्या परंपरेत निघाला तो वाटणीच्या वेळी. सर पुस्तक मिटून म्हणायचे, “मैत्रेयीने प्रश्न विचारला म्हणून ती उपनिषदात बोलते. कात्यायनीला काय हवं होतं, ते तिला कोणी विचारलं?” हा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला होता. आमच्याच घरात तो लागू पडतो, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आमच्या घरची वाटणी दादा गेल्यावर झाली. दादा म्हणजे आमचे वडील. वारसाची नोंद करायची होती. बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा १९५६ च्या कायद्यानेच दिलेला होता. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवायला महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती सुरुवात केली आणि केंद्राने २००५ मध्ये ते सर्वच मुलींना लागू केलं. पण आमच्याकडे, आणि आमच्याकडे म्हणजे मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावात, बहीण हक्कसोड करते. अक्का एसटीने आली, भावकीतल्या दोघांनी साक्षीला सह्या केल्या, अक्काने जिथे बोट ठेवलं तिथे सही केली, आईने तिला साडीचोळी केली आणि संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. कोणी जबरदस्ती केली नाही. कोणाचा आवाजही चढला नाही. तिने नकार दिला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करायचीही कोणाला गरज पडली नाही. तिने बहिणीची माया दाखवली, असं म्हणून भावकी मोकळी झाली.

२०१५ मध्ये माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. रक्तदाब अंगात मुरत होता आणि मला पत्ता नव्हता. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. दंडात नस जोडून घेतली, तिथे हात ठेवला की घरघर लागायची. टोमॅटो, केळी, नारळपाणी बंद. पाणी दिवसभरात मोजून, उन्हाळ्यातसुद्धा.

आणि तो उन्हाळा २०१६ चा. लातूरला पाणी पाजणारं मांजरा धरण आटलेलं. मार्चमध्ये पाणवठ्यांवर आणि टँकरांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. अक्काच्या गल्लीत आठवड्याला एकदा टँकर यायचा आणि घरटी दोनशे लिटर मिळायचे. इकडे नांदेडला माझ्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागायचं, आणि ते शुद्ध करताना वाया जायचं ते वेगळंच. म्हणजे मी एकटा यंत्रामार्फत जेवढं पाणी संपवत होतो, तेवढं अक्काच्या अख्ख्या घराच्या वाट्याला येत नव्हतं. हा हिशेब मी यंत्राला लावलेला असताना पडल्या पडल्या करायचो. माझ्या जगण्याची किंमत आणखी कोणाकोणाला चुकवावी लागते आहे, असं मनात येत राहायचं.

किडनी बदलायचं ठरलं. माझा रक्तगट ओ. बायको तयार होती, पण तिचा गट जुळेना. आई तोवर गेली होती. उरली अक्का. तिचा गट ओ.

नातेवाईकांनी ते तिथल्या तिथे ठरवूनच टाकलं. मामा म्हणाले, बहीण आहे, देणारच की. काकू म्हणाली, बहिणीचं काळीजच तसं असतं. सगळे चांगलेच बोलत होते, आणि त्या चांगुलपणात अक्काला ‘नाही’ म्हणायला टाचभर जागा उरत नव्हती. तिने हो म्हटलंही होतं, पहिल्याच फोनवर.

अडले ते दाजी. एका रविवारी ते नांदेडला आले, चहा घेतला, आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, “बापू, राग मानू नका. आज तिला बीपी न्हाई, शुगर न्हाई. पन्नाशी-साठीत झालं म्हंजे? तवा तिला कोण देणार? तुमी तर देऊ शकत न्हाई. पोरींची लग्नं हायेत अजून. मला डाक्टरशी बोलू द्या, मग सही करतो.”

घरात गदारोळ उठला. दाजी स्वार्थी निघाले, बायकोला भावापासून तोडतात, असं सगळ्या भावकीत झालं. मलाही त्या रात्री झोप आली नाही. पण पडल्या पडल्या मनात आलं, या एवढ्या माणसांत अक्काच्या शरीराची काळजी करणारा माणूस एकच आहे, आणि त्यालाच आम्ही स्वार्थी म्हणतो आहोत. आम्हा बाकीच्यांचं प्रेम माझ्याकडे वाहत होतं. आणि ज्याच्याकडे सगळ्यांचं प्रेम वाहत असतं, त्याच्या सोयीचं जे असेल त्याला त्याग म्हणायची आपल्याला सवय आहे. हॉब्जला उत्तर देताना तत्त्वज्ञ बटलर म्हणाला होता की स्वार्थाइतकीच भूतदयाही माणसात उपजत असते. ते खरं आहे. पण त्या उपजत दयेचा मोर्चा घरात कोणाकडे वळवायचा, हे रूढी ठरवते. दाजींनी तो अक्काकडे वळवला.

पुण्याच्या रुग्णालयात प्रत्यारोपणाचं कामकाज पाहणाऱ्या बाईंनी दाजींना दोन तास दिले. देणाऱ्याच्या तपासण्या इतक्या कडक का असतात, धोका कमी असला तरी शून्य का नाही, वर्षाला एकदा तपासणी का चुकवायची नाही, आणि अवयव दिलेल्या माणसावर पुढे स्वतःलाच गरज पडायची वेळ आली तर प्रतीक्षायादीत त्याला जादा गुण कसे मिळतात, हे सगळं सांगितलं. दाजींनी ते मोंढ्यातल्या वहीत लिहावं तसं वहीत लिहून घेतलं. मग सही केली. आजही अक्काचा रक्तदाब ते त्याच वहीत दर महिन्याला टिपतात.

त्यानंतर अक्काला एकटीला आत बोलावलं. मी बाहेर, दाजी बाहेर. समोर कॅमेरा लावलेला. आत काय झालं ते अक्कानेच मला सांगितलं, संध्याकाळी, धर्मशाळेच्या ओट्यावर.

“त्या बाई इचारल्या, तुम्ही किडनी का देऊ लालाव? मी म्हणलं, मला माहेर पाहिजे. त्या म्हणल्या, म्हंजे भावासाठी देऊ लालाव? मी म्हणलं, न्हाई, माझ्यासाठी. आईबाप गेले. पंचमीला, दिवाळीला जायाला एकच दार हाय. त्ये बंद झालं तर मी कुठं जाऊ? मग इचारल्या, कोणी बळंच सांगितलंय का? नको वाटत असंल तर आमी काई तरी कारण सांगू, तुमचं नाव येणार न्हाई. मी म्हणलं, बाई, मला ह्ये आजवर कोणी इचारलंच न्हवतं. बरं वाटलं.”

मी फळ्यावर काढत आलेला जिना त्या ओट्यावर मला पुन्हा पाहावा लागला. अक्काला कोणत्या पायरीवर बसवायचं? आपलं सोडून दुसऱ्याचं करणाऱ्यांत, तर ती स्वतःच म्हणते माझ्यासाठी देते. शहाण्या स्वार्थात, तर पोट कापून घेण्यात कोणता शहाणपणा? कांटने १७८५ मध्ये लिहिलं की केवळ मायेपोटी, मनाच्या ओढीने केलेल्या चांगल्या कृत्याला नैतिक मोल नाही; मोल आहे ते कर्तव्य म्हणून केलेल्याला. त्याच्या हिशेबात अक्काला काहीच मिळत नाही. या जागी कांट चुकला असं मला मनापासून वाटतं, आणि ते मी देणाऱ्याच्या जागेवरून नाही, घेणाऱ्याच्या जागेवरून सांगतो. नीतीवर लिहिणाऱ्यांनी घेणाऱ्याचा विचार फार थोडा केला आहे. अक्का जर म्हणाली असती, बहिणीचं कर्तव्य म्हणून देते, तर ती किडनी घेऊन मी जगलो असतो, पण रोज दबून. ती म्हणाली, तू मला हवा आहेस. कोणाला तरी आपण हवे आहोत, हे ऐकल्यावर घेणाऱ्याची मान ताठ राहते. लंगरमधल्या सरदारजींचं उत्तर मला त्या ओट्यावर पुरतं उमगलं.

त्याच १९८२ साली, ज्या साली कुरुंदकर गुरुजी गेले, अमेरिकेत कॅरॉल गिलिगन यांचं बायकांच्या नैतिक विचारावरचं पुस्तक आलं. चांगलं असणं म्हणजे स्वतःला पुसून टाकणं, या समजुतीत पुष्कळ बायका अडकतात. आपण ज्यांना दुखवायचं नाही त्यांत आपणही एक आहोत हे कळतं तेव्हा ती समजूत मागे पडते, असं त्यांचं म्हणणं. सातवी शिकलेली माझी अक्का कॅमेऱ्यासमोर स्वतःला त्या मोजणीत धरून बोलली. पण तिला तसं बोलता आलं, कारण विचारणाऱ्या बाईंनी ‘नाही’ला दार ठेवलं होतं, आणि त्याआधी दाजींनी भावकीचा बोल अंगावर घेऊन ते उघडलं होतं. ‘नाही’ म्हणता येत नसेल तर ‘हो’चा अर्थ काय लावायचा?

शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली. तिची डावी किडनी काढली, माझ्या उजव्या बाजूला बसवली, ती टेबलावरच काम करू लागली. गोळ्या जन्मभर आहेत. दिवसाला तीन लिटर पाणी प्या, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी आणि बायको दोघंही रडलो.

त्यानंतर एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. अक्काला माझं दार हवं होतं, ते खरंच. पण ते दार माझं का होतं? दादांच्या घरात ती माझ्याआधी जन्मलेली. पत्र्याच्या शेडला माहेर मानणारी ती. तरी भाऊ जगला तरच माहेर जगतं, अशी तिची गत आपल्या चालीरीतीने केली आणि तिच्या सहीने ती पक्की झाली. तिची ओढ खरी होती. त्या ओढीला लागलेली भीती मात्र आम्ही लावलेली होती. तिच्या शरीराचा एक भाग घेताना कायद्याने तिला एकटीला बसवून, पुरुषांना बाहेर काढून विचारलं. तिच्या जमिनीचा भाग घेताना हे कोणी केलं नाही.

मी अक्काला म्हटलं, अर्धी जमीन तुझ्या नावावर करतो. ती चिडली. “आता जमीन देऊन फेडायलास का?” मी म्हटलं, किडनीच्या बदल्यात काही देणं हा गुन्हा आहे, तुरुंगात जाईन. ही तुझीच होती. ती गप्प राहिली. म्हणाली, लोक म्हणतील बहिणीनं भावाचं घर फोडलं. मग मी विचारलं, आणि या वेळी दाजींना मुद्दाम बाहेर बसवलं, लोकांचं राहू दे, तुला हवी आहे का? बराच वेळ गेला. “दे,” ती म्हणाली. “मला पाहिजे हाय. तवा बी पाहिजे व्हती.”

बक्षीसपत्र झालं, फेरफार झाला. सात-बाऱ्यावर आज तिचं नाव आहे आणि तिच्या हिश्शातलं सोयाबीन ती स्वतः मोंढ्यात नेऊन विकते. पंचमीला ती अजून माझ्याकडेच येते.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी वारसाची नोंद व्हायची असेल आणि हक्कसोडीचा कागद तयार होत असेल, तर माझी एक विनंती आहे. बहिणीची सही घेण्याआधी तिला घरातल्या सगळ्या पुरुषांना वगळून, तिच्या विश्वासातल्या एखाद्या बाईसोबत बसू द्या. तिला काय हवं आहे ते त्या बाईला विचारू द्या. आणि ती नाही म्हणाली तरी तिची पंचमी आणि दिवाळी तुमच्याच घरी होईल, हे तिला त्याआधी तुमच्या तोंडाने सांगा.